मुलांना ठाऊक असतं

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घर’ हा विषय कळवला तेव्हा त्यांच्या मनात देवघर, माजघर, अंगण असं काहीतरी असणार. मी राहते ती घरं वेगळी आहेत. मिशिगन राज्यातल्या ओकलंड काउंटीत, डेट्रॉईटच्या उत्तरेला, ट्रॉय, नोव्हाय, रॉचेस्टर हिल्स अशा गावांमधून मोटार कंपन्यांत काम करणारी कितीतरी मराठी कुटुंबं पसरली आहेत. रविवारी मराठी शाळा भरते, गणपतीत ढोल वाजतात, दिवाळीत फराळाचे डबे या गावातून त्या गावात जातात. आपण मुलांच्या शाळांबद्दल बोलतो, घराच्या हप्त्यांबद्दल बोलतो, भारतातल्या आईवडिलांच्या दुखण्यांबद्दल बोलतो. घरातल्या बंदुकीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ती शेजाऱ्याकडे असते, मुलाच्या मित्राकडे असते आणि आता आपल्यातल्याही काही घरांत आहे. म्हणून या अंकासाठी मी तिच्याच मागे जायचं ठरवलं. बंदूक असावी की नसावी, हा वाद या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मला त्याहून लहान, पण रोजचा प्रश्न पडला होता: ज्या घरात मुलं आहेत, तिथे ती ठेवतात कशी?

कपाट आणि जीन्सची चळत

रॉचेस्टर हिल्सहून उत्तरेला अर्ध्या तासावर ऑक्सफर्ड आहे. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी तिथल्या हायस्कुलात १५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गोळीबार केला. चार विद्यार्थी गेले, सात जण जखमी झाले. त्याच्या हातातलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवस आधी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, विकत घेतलं होतं.

पुढे त्या मुलाच्या आईवर आणि वडिलांवर वेगवेगळे खटले चालले. दोघेही २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोघांना १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी आईवडिलांना अशी शिक्षा होण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ. या खटल्यांचं थेट प्रक्षेपण होत होतं आणि आमच्या भागातल्या अनेक घरांत ते चालू असायचं. वडिलांनी पोलिसांना दिलेला जबाब मला विसरता येत नाही. पिस्तूल झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात लपवलं होतं, गोळ्या वेगळ्या, जीन्सच्या खाली. म्हणजे त्यांनी काहीच केलं नव्हतं असं नाही. आपल्या मते त्यांनी काळजी घेतली होती. पिस्तुलासोबत मिळालेलं केबलचं कुलूप मात्र प्लॅस्टिकच्या वेष्टनातच पडून होतं. सरकारी वकील कॅरेन मॅकडॉनल्ड यांनी ज्यूरीसमोर तसं कुलूप पिस्तुलाला लावून दाखवलं. काही सेकंदांत ते काम झालं.

या लेखासाठी मी ज्या ज्या घरमालकांशी बोलले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बोलण्यात त्या जबाबातलं काहीतरी होतं. ‘वरच्या फळीवर आहे.’ ‘सुटकेसमध्ये, माळ्यावर.’ ‘त्याला माहीतच नाही घरात आहे ते.’

खणात काय सापडलं

मुलांना माहीत नसतं, हे आईवडिलांचं म्हणणं संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. अलाबामातल्या ग्रामीण भागात बंदूक असलेल्या घरांतले पालक आणि त्यांची ५ ते १४ वर्षांची मुलं यांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले गेले. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना बंदुकीची जागा ठाऊक नाही असं जे पालक सांगत होते, त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. आमच्या मुलाने कधी हात लावलेला नाही असं म्हणणाऱ्या पालकांपैकी २२ टक्क्यांची मुलं म्हणाली, लावला आहे.

त्याआधी, २००१ मध्ये, अटलांटातल्या डॉक्टरांनी केलेला प्रयोग तर कोणत्याही आईची झोप उडवणारा आहे. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांचे दोघा-तिघांचे २९ गट केले. दवाखान्याच्या एका खोलीत प्रत्येक गटाला १५ मिनिटं ठेवलं आणि आरशाआडून पाहिलं. खोलीतल्या खणांत पाण्याच्या दोन पिचकाऱ्या होत्या, शिवाय एक खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल. २१ गटांना ते सापडलं. १६ गटांनी ते हाताळलं. १० गटांत कुणीतरी चाप ओढला. ज्या मुलांना ते सापडलं त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा खात्री करता आली नाही. आणि ज्यांनी ते हाताळलं त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीच्या सुरक्षेचं काही ना काही शिक्षण आधी मिळालेलं होतं.

इथे शाळांतून ‘एडी ईगल’ नावाच्या गरुडाचा कार्यक्रम दाखवतात. थांब, हात लावू नको, पळ, मोठ्यांना सांग, असं मुलं तालात म्हणतात. ते शिकवू नये असं मी म्हणणार नाही. पण पाठ असणं आणि एकटं असताना तसं वागणं यांत किती अंतर असतं, हे मुलं वाढवलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. दिवाळीच्या आठवडाभर आधी करंज्यांचा डबा कुठे ठेवलाय हे ज्या पोरांना वासावरून कळतं, त्यांना नाइटस्टँडचा खण कसा कळणार नाही?

कुडाळकडच्या एक काकू इथे मुलीकडे सहा महिने राहायला आल्या होत्या. हा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्याकडे आजोबांची ठासणीची होती. खुंटीवर. आम्ही पोरं खालीच खेळायचो. काय झालं नाही कधी.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर घेतलेल्या तशा बंदुका सिंधुदुर्गात अजूनही आहेत. रानडुकरं आणि माकडं बागायतीची काय दशा करतात ते तिथल्या माणसालाच माहीत. पण ठासणीच्या बंदुकीत दारू घालायची, ती ठासायची, मग छरे, मग पुन्हा ठासायचं, तेव्हा कुठे एक बार. लहान पोराला ते सगळं जमवणं अवघड. इथल्या खणातलं पिस्तूल अनेकदा भरलेलं असतं आणि त्याला फक्त बोट लागतं. उंचावर ठेवलं की झालं, ही आपल्या मनातली समजूत त्या खुंटीवरून आलेली असावी. मी काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “म्हणजे आम्ही नशिबाने आणि तिच्या धीमेपणाने वाचलो म्हण.”

सोनं बँकेत, पिस्तूल उशाशी

आपली माणसं बंदूक घेतात तरी का? एच-वन व्हिसावर असताना काही अपवाद सोडले तर ती घेता येत नाही. ग्रीन कार्ड मिळालं की येते. मला भेटलेल्यांपैकी काहींनी ती कामावरच्या मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला जायला घेतली होती. मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणं मारायचा हंगाम उघडतो, काही शाळा त्या दिवशी सुट्टीच देतात. कारखान्यात लायनीवर शेजारी उभा राहणारा सहकारी बोलावतो, माणूस जातो, पुढच्या वर्षी स्वतःची रायफल घेतो.

पण पिस्तुलाचं कारण बहुतेक वेळा भीती असतं. आणि ती भीती हवेतली नाही. २०११ ते २०१४ या काळात ह्यूस्टनमधल्या एका टोळीने मिशिगन, टेक्सस, जॉर्जिया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क अशा राज्यांत भारतीय आणि आशियाई वंशाच्या कुटुंबांची घरं हेरून दरोडे घातले. घरात सोनं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डेट्रॉईटच्या फेडरल कोर्टात तो खटला चालला. आमच्या वस्तीत त्या दिवसांत मंगळसूत्र घालून दुकानात जाऊ नका असे निरोप फिरत होते. त्यानंतर करोनाच्या साथीत अमेरिकेत पिस्तुलांची विक्री प्रचंड वाढली, तेव्हा आपल्यातल्याही काहींनी ती पहिल्यांदा घेतली.

नोव्हायमधल्या एका घरी मी गेले होते. नवरा-बायको दोघंही इंजिनीअर, मुलं नऊ आणि तेरा वर्षांची. दरोड्यांच्या बातम्यांनंतर वहिनींनी सगळं सोनं बँकेच्या लॉकरात ठेवलं. त्याच सुमारास दादांनी पिस्तूल घेतलं आणि ते भरून पलंगाशेजारच्या खणात ठेवलं. “रात्री कुणी आलं तर कुलूप उघडत बसू का?” ते म्हणाले. या प्रश्नाला हसण्यावारी नेणं बरं नाही. घराच्या रक्षणासाठी ज्याने बंदूक घेतली, त्याला ती हाताशी हवी असते आणि त्याच्याशी बोलताना हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. मी विचारलं, दिवसा तुम्ही दोघं ऑफिसात असता आणि मुलं साडेतीनला घरी येतात, तेव्हा खणाला काय असतं? वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. हा हिशोब त्यांनी कधी मांडलाच नव्हता. दरोडेखोर येईल ती एक रात्र डोळ्यांसमोर होती. मुलं घरी एकटी असतात त्या रोजच्या दुपारी कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या.

देशभराचा अंदाजही असाच आहे. २०१५ च्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार अमेरिकेतली सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती, जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाविना होती.

कुलूप कसं लागतं

बंदुकांच्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदाच गेले. काउंटरमागचा म्हातारा गृहस्थ शिकारी होता, चार नातवंडांचा आजोबा. मला काही विकत घ्यायचं नाही हे कळल्यावरही त्याने निगुतीने सगळं दाखवलं. नियम त्याने तीन सांगितले: बंदूक रिकामी, बंदुकीला कुलूप, गोळ्या वेगळ्या जागी आणि त्यांनाही कुलूप. २००५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात याच गोष्टी तपासल्या होत्या. यातली प्रत्येक गोष्ट मुलांच्या अपघाती जखमा आणि किशोरवयीनांच्या आत्महत्या कमी असण्याशी जोडलेली आढळली. शंभर टक्के जमलं नाही तरी जेवढं जमेल तेवढ्याचा उपयोग होतो, हे मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं.

मग त्याने केबल लॉक काढलं. हातभर लांबीची, प्लॅस्टिकचं आवरण असलेली पोलादी दोरी आणि एक छोटं कुलूप. आधी मॅगझिन काढायचं. इथे तो थांबला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, लोक इथेच फसतात. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं त्यांना वाटतं, पण एक गोळी चेंबरमध्ये चढलेली असू शकते. म्हणून नळी सुरक्षित दिशेला ठेवून स्लाइड मागे ओढायची, डोळ्यांनी पाहायचं, बोटाने चाचपायचं. मग वरच्या फटीतून केबल आत घालायची, मुठीतून खाली काढायची आणि कुलूप लावायचं. आता स्लाइड पुढे येऊच शकत नाही. हे कुलूप भरलेल्या पिस्तुलाला लागतच नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

ट्रिगर लॉक चापाभोवती दोन्ही बाजूंनी बसतं. ते भरलेल्या बंदुकीवर चढवायचं नसतं, कारण चढवताना चाप दाबला जाऊ शकतो. रायफली आणि शॉटगनसाठी बेसमेंटमध्ये जमिनीला बोल्ट केलेली उंच तिजोरी. आणि नोव्हायच्या दादांसारख्यांसाठी लॉकबॉक्स: पुस्तकाएवढी पोलादी पेटी, पलंगाला किंवा भिंतीला जखडलेली, चार बटणांच्या आकड्याने काही सेकंदांत उघडणारी. अंधारातही बोटांना बटणं लागतात. ‘कुलूप उघडत बसू का’ याचं उत्तर या पेटीत आहे. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेट्यांबाबत मात्र सावध राहायला हवं. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका कंपनीच्या अशा सुमारे ६१,००० पेट्या परत मागवल्या गेल्या. मालकाला आपला ठसा नोंदवला गेला असं वाटायचं आणि पेटी कुणाच्याही बोटाने उघडायची. १२ वर्षांच्या एका मुलाचा जीव गेल्याचा दावा त्या प्रकरणात कोर्टात दाखल झाला होता. घेतलीच तर दुसऱ्याच्या बोटाने उघडून पाहा, असं तो गृहस्थ म्हणाला. आणि आकडा मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका, आणि कारखान्यातून आलेला आकडा आधी बदला. ऑक्सफर्डच्या खटल्यात त्या घरातल्या एका पेटीचा आकडा शून्य-शून्य-शून्य असल्याचं पुढे आलं होतं.

यासाठी पैसे लागतातच असं नाही. परवानाधारक दुकानदाराने हँडगन विकताना सोबत कुलूप दिलंच पाहिजे, असा २००५ चा फेडरल कायदा आहे. बंदूक उद्योगाच्या संघटनेचा ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’ १९९९ पासून पोलीस ठाण्यांमार्फत केबल लॉक फुकट वाटतो. मी एका पोलीस ठाण्यात जाऊन मागितलं, तर खिडकीतल्या बाईंनी नाव न विचारता दोन काढून दिली.

कायदा

घरात बंदूक कशी ठेवावी यावर देशभर लागू असा कायदा नाही. १९८९ मध्ये फ्लोरिडाने मुलांच्या हाती बंदूक लागू दिल्याबद्दल पालकांना जबाबदार धरणारा पहिला कायदा केला आणि नंतर इतर राज्यांनी आपापल्या परीने केले. मिशिगनचा कायदा १३ फेब्रुवारी २०२४ रोजी लागू झाला. १८ वर्षांखालचं मूल जिथे आहे किंवा असण्याची शक्यता आहे, तिथे बंदूक कुलूपबंद पेटीत किंवा रिकामी करून कुलूप लावून ठेवलीच पाहिजे. निष्काळजीपणामुळे मुलाच्या हातून कुणाचा जीव गेला तर १५ वर्षांपर्यंत शिक्षा. लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्लिंटमध्ये दोन वर्षांची मुलगी घरातल्या पिस्तुलाने गंभीर जखमी झाली आणि तिच्या वडिलांवर या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

कायदा पोलीस घेऊन घरात शिरत नाही. तो आपल्याला कळतो ते बहुधा काहीतरी होऊन गेल्यावर. तरीही नोव्हायच्या वहिनी मला म्हणाल्या की १५ वर्षांचा आकडा ऐकल्यावर घरातलं बोलणं एकदम सोपं झालं.

पंधरा-सोळाव्या वर्षी

लहान मुलांच्या अपघातांच्या बातम्या मोठ्या होतात. मला भेटलेल्या बालरोगतज्ज्ञ, मूळच्या नागपूरच्या, मोठ्या मुलांबद्दल जास्त काळजीत होत्या. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं की १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण २०२० साली मोटार अपघात राहिलं नाही, बंदूक झाली. त्यात हत्या आहेत, अपघात आहेत आणि आत्महत्याही आहेत. आत्महत्येत किशोरवयीन मुलांच्या हाती लागलेली बंदूक बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या घरातली असते.

“आपले लोक म्हणतात, आमचा मुलगा समजूतदार आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “समजूतदार मुलालाही वाईट संध्याकाळ येते.” नापास होणं, कुणीतरी नकार देणं, हव्या त्या कॉलेजचं दार बंद होणं. तो कडेलोटाचा क्षण अनेकदा काही मिनिटांचा असतो. तो टळला तर मूल त्यातून बाहेर येतं आणि पुढे जगतं. बंदूक परत फिरायला वेळ देत नाही, म्हणून कुलूप त्या मिनिटांना लांबवण्यासाठी असतं. मोठ्या मुलांच्या घरात किल्ली कुठे आहे आणि आकडा कुणाला ठाऊक आहे, हे लहान मुलांच्या घराहून अधिक महत्त्वाचं. मूल खचलेलं दिसत असेल तर कुलपावरही भागवू नका, असं त्या सांगतात. काही महिने बंदूक घराबाहेर ठेवा: नातेवाइकाकडे, दुकानदाराकडे, पोलिसांकडे विचारून. आणि मुलाशी बोला, ९८८ या हेल्पलाइनला फोन करा. भारतात टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे.

वार्षिक तपासणीच्या कागदावर ‘घरात बंदूक आहे का’ हा प्रश्न असतो. पुष्कळ मराठी पालक तो कोरा सोडतात किंवा चिडतात. आपल्यावर संशय घेतला असं त्यांना वाटतं. फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांच्या अशा प्रश्नांवर बंधनं घातली होती, २०१७ मध्ये फेडरल अपील कोर्टाने ती मोडीत काढली. डॉक्टर सायकलच्या हेल्मेटबद्दल विचारतात, पोहण्याच्या तलावाबद्दल विचारतात, त्याच यादीतला हा प्रश्न आहे.

“एक विचारायचं होतं”

आपल्या घरात बंदूक नसली तरी विषय संपत नाही. मूल स्लीपओव्हरला जातं, बर्थडे पार्टीला जातं, शाळेतून परस्पर मित्राकडे जातं. तिथे काय आहे ते विचारा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. त्यासाठी २१ जूनचा दिवसही ठरवला आहे, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं एकमेकांकडे जास्त जातात.

आपल्याला हे फार जड जातं. कुणाच्या घरी जाताना काय आणू, एवढंच विचारायची सवय. बंदुकीचं विचारायचं म्हणजे समोरच्याचा अपमान, शिवाय आपण बाहेरून आलेले. ट्रॉयच्या एका आईने मला तिची युक्ती सांगितली. ती इतर चौकशांत तो प्रश्न गुंफते. “त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तुमच्याकडे कुत्रा आहे का? आणि बंदूक असेल तर ती कुलपात असते ना? मी सगळ्यांनाच विचारते.” शेवटचं वाक्य ती कधी गाळत नाही. आहे की नाही यावर जोर न देता कुलपात असते का, असं विचारल्यामुळे समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं.

एकदा पलीकडची आई रागावली आणि तिने फोन ठेवला. बाकी वेळा उत्तरं साधी आली. एका शिकारी कुटुंबातल्या वडिलांनी तर बेसमेंटमधल्या तिजोरीचा फोटो पाठवला आणि लिहिलं, आम्हालाही आता विचारायला हवं. ज्या घरून नीट उत्तर आलं नाही, त्या घरच्या मुलाला ती आपल्याकडे बोलावते. शुक्रवारी संध्याकाळी पावभाजी, वर बेडरूममध्ये गाद्या घातलेल्या. आणि तिकडे नोव्हायच्या दादांनी बटणांची पेटी मागवली आहे. आता आकडा कोणता ठेवायचा यावर त्या घरात वाद चालू आहे. तेरा वर्षांच्या मुलाने तीन अंदाज सांगितले आणि त्यातला दुसरा बरोबर निघाला, म्हणून तो बदलावा लागला.